शेजारच्या रिमोटनं आपला टीव्ही बदलतो तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेलं हे बोलणं. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी बोललं तसंच छापत आहोत.)



आज मी व्याजाचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. टीव्हीच्या रिमोटवर बोलणार आहे. काहीजणी हसल्या. हसा, पण ऐका. बैठकीला दोन बाया एकमेकींकडे पाठ करून बसल्या की आपण कारण विचारतो, आणि कारण कधी पाण्याचं निघतं, कधी बांधाचं, तर कधी टीव्हीचं. "मी मालिका बघत बसले की ही मुद्दाम चॅनल बदलते." दुसरी म्हणते, "माझ्या घरात मी माझा रिमोट दाबते, तिच्या टीव्हीला मी हात कशाला लावू?" दोघी खऱ्या असतात, आणि तरी दोघी भांडतात. म्हणून हा विषय घेतला.

असं घर डोळ्यासमोर आणा. दोन भावांनी एक घर वाटून घेतलंय. मधे विटांची भिंत घातली, पण ती पत्र्यापर्यंत नेली नाही. वर हात-दीड हात मोकळं राहिलं. इकडे थोरली जाऊ, तिकडे धाकटी. दोघींनी एकाच बाजारातून, एकाच दुकानातून फ्री डिशचे बॉक्स आणले. झालं, भांडणाची सगळी तयारी झाली! आता हे का होतं ते आधी समजून घेऊ. कारण कळलं की अर्धा राग तिथंच उतरतो.

रिमोटमधून काय निघतं? वारा नाही, करंट नाही, मोबाइलसारखी रेंजही नाही. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटमधून निघतो तो उजेड. आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड. रिमोटच्या टोकाला छोटा काचेसारखा दिवा असतो बघा, तो बटण दाबलं की लुकलुकतो. खरं वाटत नसेल तर आत्ता करून बघा. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, शक्यतो सेल्फीचा, कारण काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा उजेड दिसत नाही. खोलीत थोडा अंधार करा. रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर पांढरट-जांभळा दिवा लुकलुकताना दिसेल.

हा दिवा साधारण एका सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकेल अशा वेगानं चालतो. त्या लुकलुकण्याच्या मधे लहान-मोठे खंड ठेवून तो निरोप पाठवतो. निरोपाचे दोन भाग असतात. पहिला, निरोप कुणाला आहे. दुसरा, काय करायचं आहे, म्हणजे चॅनल पुढे, आवाज कमी, बंद, चालू. बॉक्सच्या तोंडावर काळपट काचेमागे एक डोळा असतो. तो डोळा हा निरोप वाचतो.

आता गंमत इथं आहे. "कुणाला" या ठिकाणी तुमचं नाव नसतं, घर नंबर नसतो. तिथं त्या बनावटीच्या बॉक्सचं नाव असतं. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या सगळ्या बॉक्सचं नाव एकच. आणि साध्या बॉक्समध्ये तर वेगवेगळ्या कंपन्यांचंही नाव सारखं निघतं. म्हणून तर दुकानदार सांगतो, "हा रिमोट न्या, चार कंपन्यांच्या बॉक्सला चालतो." लग्नाच्या मांडवात कुणी "अहो वहिनी" अशी हाक मारली की दहा बाया मान वळवतात ना? तसंच हे. हाक मारणारीची चूक नाही, वळून बघणारीचीही नाही.

मग हा उजेड शेजारच्या घरात जातो कसा? भिंतीतून जात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. विटांची, मातीची, सिमेंटची, कुठलीच भिंत हा उजेड ओलांडत नाही. तो जातो तो मोकळ्या जागेतून. भिंतीच्या वरच्या फटीतून, समोरासमोरच्या दारातून, खिडकीतून. आणि तो आरशासारखा परततोही. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर आपटून, पत्र्यावर आपटून तो दुसरीकडे वळतो. म्हणून धाकटीनं रिमोट आपल्याच टीव्हीकडे धरला, तरी उजेड पत्र्याला लागून पलीकडे थोरलीच्या बॉक्सवर उतरतो. घरकुलाच्या रांगेत दारं समोरासमोर असतात, उन्हाळ्यात दोन्ही उघडी असतात. तिथंही हेच. साधा रिमोट आठ-दहा मीटरपर्यंत चालतो, आणि गल्ली तेवढी रुंद नसतेच.

आणखी एक गैरसमज काढून टाकते. "तिची छत्री माझ्या छत्रीच्या समोर आहे म्हणून असं होतं," असं पुष्कळजणी म्हणतात. छत्रीचा यात काहीच संबंध नाही. फ्री डिशच्या सगळ्या छत्र्या एकाच उपग्रहाकडे, जीसॅट-१५ कडे तोंड करून असतात. छत्री फक्त वरून येणारं घेते, शेजारणीकडे काही पाठवत नाही. झाड किंवा भिंत आड आली तर चित्र तुटेल, थांबेल, जाईल, पण चॅनल बदलणार नाही. तेव्हा यासाठी कुणी पत्र्यावर चढू नका आणि कुणाची छत्री हलवू नका.

आता उपायाच्या आधी तपासणी. ताप आला की आधी बघतो ना कशाचा आहे, तसंच. चार तपासण्या सांगते, पैसा लागत नाही.

पहिली. नेमकं काय बदलतंय ते बघा. टीव्ही वेगळा, बॉक्स वेगळा, दोघांचे रिमोट वेगळे. चॅनल बदलत असेल तर निरोप बॉक्सला जातोय. टीव्हीच पूर्ण बंद होत असेल तर टीव्हीला जातोय. आवाज दोन्हीकडून कमी-जास्त होतो. शेजारणीचा टीव्ही तुमच्याच कंपनीचा असेल तर टीव्हीच्या रिमोटचाही असाच घोळ होतो.

दुसरी. ज्या वेळी चॅनल आपोआप बदलतं, त्या वेळी बॉक्सच्या डोळ्यापुढे जाड पुठ्ठा उभा करा आणि अर्धा तास बघा. बदलायचं थांबलं, तर कुठल्या तरी रिमोटचा उजेड येत होता हे नक्की. पुठ्ठा असूनही बदलत राहिलं, तर शेजारणीचं नाव घेऊ नका. दोष बॉक्समध्ये आहे. बॉक्सवरचं बटण आत अडकलेलं असेल, नाहीतर आत बिघाड असेल.

तिसरी. आपलाच रिमोट तपासा. उशीखाली, सतरंजीखाली दबलेला रिमोट स्वतःच निरोप पाठवत असतो. पोराच्या हातून चहा सांडला की बटण चिकटतं. रिमोटला हात न लावता मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याचा दिवा बघा. कुणी दाबत नसताना लुकलुकत असेल, तर चोर घरातच आहे. सेल काढा, रिमोट पुसा, वाळवा, नाहीच सुधारला तर बदला.

चौथी, सगळ्यात महत्त्वाची. ही एकटीनं होत नाही, दोघींनी करायची. फोन लावा. थोरली म्हणेल, "आता तुझ्या जागेवर बसून पाच वेळा चॅनल पुढे कर." धाकटी तिच्या रोजच्या जागेवरून दाबेल. थोरली बघेल आपल्याकडे बदलतंय का. मग धाकटी उठून दुसऱ्या जागी बसेल, दार लावेल, पुन्हा दाबेल. मग उलटं करायचं. दहा मिनिटांत कळतं की उजेड कुठून येतो, दारातून, खिडकीतून की वरच्या फटीतून. आणि दोघी दहा मिनिटं एकमेकींशी बोलतात, हा वरचा फायदा.

सगळाच दोष रिमोटचा नसतो, तेही सांगते. वीज क्षणभर जाऊन आली की बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू होतो, मग वेगळं चॅनल लागलेलं दिसतं. काही बॉक्समध्ये वेळ लावून ठेवायची सोय असते, चुकून लागली तर बॉक्स ठरल्या वेळी चालू किंवा बंद होतो. बॉक्सवर थेट ऊन पडत असेल तर त्याचा डोळा दिपतो, आणि आपलाच रिमोट चालेनासा होतो. सेल संपत आले तरी तसंच. त्याला शेजारीण काय करणार?

आता उपाय. फुकटापासून सुरुवात करू.

एक, बॉक्स फिरवा. डोळ्याचं तोंड फटीकडे, दाराकडे नको. फटीच्याच भिंतीला पाठ लावून बॉक्स खाली ठेवला तर वरून येणारा उजेड पुष्कळदा चुकतो. आधी हाच उपाय करून बघा, बहुतेक वेळा यातच काम होतं.

दोन, वाट बंद करा. फटीला जाड पुठ्ठा, फळी, गोणपाट लावा. खिडकीला जाड पडदा. पातळ साडीचा पडदा चालत नाही, त्यातून हा उजेड आरपार जातो. जुनी गोधडी उत्तम. पुढे सवड झाली की ती भिंतच पत्र्यापर्यंत न्या. रिमोटसाठी नाही म्हणत, दोन्ही घरांच्या बोलण्यालाही आडोसा होतो.

तीन, बॉक्सला झापड लावा. घाण्याच्या बैलाला झापड बांधायचे, तशी. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून डोळ्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना छोटी पडवी करा, समोरून उघडी. तुम्ही जिथं बसता तिथून डोळा दिसला पाहिजे, बाकी कुठून दिसता कामा नये. ही पडवी फक्त डोळ्यापुरती. बॉक्सच्या वरची आणि बाजूची भोकं झाकू नका, त्यातून आतली उष्णता बाहेर जाते. बॉक्सवर रुमाल, प्लास्टिक, चांदीचा कागद काही घालू नका. तापून बिघडेल.

चार, उजेड कमी करा. दोघींनी आपापल्या रिमोटच्या दिव्यावर कागदी चिकटपट्टीचा एक थर लावा. नाही भागलं तर दुसरा. उजेड मंद होतो, आपल्या बॉक्सपर्यंत पोचतो, शेजारच्या घरात पोचत नाही. लक्षात घ्या, माझ्या रिमोटला पट्टी लावली तर फायदा शेजारणीचा होतो, तिनं लावली तर माझा. म्हणून हे दोघींनी मिळूनच करायचं.

पाच, काही छोट्या बॉक्सला वायरीच्या टोकाला सुटा डोळा येतो. तुमच्या बॉक्सला तशी सोय असेल तर तो डोळा टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात, आडोशाला चिकटवा.

सहा, काही नव्या, महागड्या बॉक्सचा रिमोट उजेडावर नाही, रेडिओ लहरींवर किंवा ब्लूटूथवर चालतो. त्या लहरी भिंतीतून जातात, पण असा रिमोट एकाच बॉक्सशी जोडून दिलेला असतो, त्यामुळे दुसरा बॉक्स ऐकत नाही. तिथं घोळ झाला तर जोडणी पुन्हा करावी लागते. ती पुस्तिकेत बघून किंवा माहितगार माणसाकडून करून घ्या.

आणि सातवा उपाय घेण्याच्या वेळेचा. नवा बॉक्स घ्यायला जाताना शेजारणीचा रिमोट पिशवीत घालून न्या. दुकानात बॉक्स चालू करायला लावा आणि तिचा रिमोट दाबून बघा. चालला, तर तो बॉक्स तुमच्यासाठी नाही. दुसऱ्या बनावटीचा मागा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, पैसे आपले आहेत.

पैशाचं निघालंच आहे तर सांगते. पुठ्ठ्याची तपासणी केल्याशिवाय दुरुस्तीला पैसे देऊ नका. आणि फ्री डिश ही दूरदर्शनची सेवा आहे, तिला महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. छत्री-बॉक्सचा आणि बसवण्याचा एकदाचा खर्च, तेवढाच. "चॅनल बदलतंय म्हणजे तुमचा रिचार्ज संपला" असं सांगून फ्री डिशवाल्या घरात कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता जे बोलायला मी मुद्दाम उभी राहिले ते बोलते. रात्री अकरा वाजता घरात सगळे निजलेत आणि टीव्ही आपोआप चालू होतो. पलीकडे कुणीतरी आपला बॉक्स चालू केलेला असतो, बस्स. पण अंधारात दचकून उठलेल्या माणसाच्या मनात पहिलं काय येतं? भानामती. करणी. आणि मग बोट कुणाकडे जातं? गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे. विधवा बाईकडे. नवऱ्यानं टाकलेलीकडे. बाप्याकडे कमी वेळा जातं, हे तुम्हीही बघितलंय.

बायांनो, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. अमकी बाई करणी करते असं सांगून तिच्यावर संशय आणणं, तिचं जगणं मुश्कील करणं, हा या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वर दंड आहे. पण कायद्यापर्यंत गोष्ट जाऊच कशाला द्यायची? असं बोलणं कानावर आलं तर समूहातल्या दोघीजणी त्या घरी जा, पुठ्ठा घेऊन जा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा उजेड दाखवा. लहान पोरांनाही दाखवा, ती गावभर सांगतील. आणि काही मोबाइलमध्येच रिमोटची सोय असते हेही सांगा. खिडकीबाहेर उभा राहून एखादं टारगट पोर मजेनं दुसऱ्याचा टीव्ही बंद करतं. त्याच्या खोडीसाठी एखाद्या बाईनं गावाची नजर का सोसावी?

टीव्ही ही आता नुसती करमणूक नाही. डीडी किसानवर शेतीचं कळतं, सह्याद्रीवर बातम्या कळतात. फ्री डिशवर २०२० पासून पीएम ई-विद्येची शाळेची चॅनल आहेत, इयत्तेप्रमाणे धडे लागतात. परीक्षेच्या दिवसांत पोरगी धडा बघत असताना पलीकडून मालिका लागली तर तिचं नुकसान आहे. आणि तिनं पुन्हा धडा लावला की पलीकडे मालिका जाते, मग ती काकू ओरडते. उपाय होईपर्यंत दोन्ही घरांनी वेळ वाटून घ्यावी. नळाचं पाणी आपण वाटून घेतोच की.

आणि समूहाचं सांगते. आपला समूह म्हणजे दहा-बारा बाया. त्यातल्या दोघी बोलत नसल्या तर एक बैठकीला यायचं टाळते. बचत कुणाच्या तरी हाती पाठवते, मग तेही राहतं. दुसरीच्या कर्जाला ती "हो" म्हणत नाही. सहा महिन्यांनी आपण नोंदवहीत बघतो की हजेरी घसरली, हप्ते थकले, आणि कारणाच्या रकान्यात काही लिहिता येत नाही. कारण काय तर पत्र्याखालची हातभर फट! म्हणून म्हणते, ही गोष्ट लहान असतानाच बैठकीत काढा. लाजू नका. कुणी आणली तर हसू नका.

एका ताईंनी मघाशी हळूच विचारलं, "शेजारीण ऐकतच नसेल, तपासणीला तयारच नसेल, तर?" तर आपल्या बाजूचं आपण करायचं. बॉक्स फिरवणं, झापड लावणं, फट बंद करणं याला तिची परवानगी लागत नाही. एवढ्यानं आपल्या घरातलं थांबतं. आपल्या रिमोटला पट्टी लावली की तिच्या घरातलंही थांबतं. मग तिला सांगायचं, "तुझा टीव्ही आता माझ्यामुळे बदलणार नाही." पुढचं तिच्यावर सोडा.

प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी ठेवावीत. एक रिमोट, एक मोबाइल, एक पुठ्ठा, एवढं सामान पुरे. प्रत्येक समूहातल्या एकीनं तरी चारही तपासण्या हातानं करून बघाव्यात, म्हणजे गल्लीत कुणाकडे हा घोळ झाला तर तिला बोलावता येईल. आणि ज्यांच्या घरात भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर आधी बॉक्सचं तोंड कुठं आहे ते बघावं.